लग्नाआधीची भेट : परकी की आपली?

प्रश्न : माझ्या मुलीला स्थळ आले आहे. सुपारी फोडण्याआधी मुलाला दोन-तीनदा बाहेर भेटायचे, असा तिचा हट्ट आहे. सासूबाई म्हणतात, ‘ही साहेबाची खुळं, आम्ही अंतरपाट दूर होईपर्यंत नवऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं.’ ही पद्धत खरोखर परदेशातून आली का?
— एक वाचक भगिनी, परभणी

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे त्यांच्या काळापुरते खरे आहे, मात्र साहेबाकडेही ही रीत फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील मध्यमवर्गीय घरांत मुलीकडून किंवा तिच्या आईकडून बोलावणे आले, तरच तरुणाने जायचे आणि दिवाणखान्यात, घरच्यांच्या नजरेखाली बसून बोलायचे, असा शिष्टाचार होता. शहरांत मजुरी करून भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलींना दिवाणखाना कुठला? त्यांच्या भेटी बागेत आणि नाचघरात होऊ लागल्या. ‘डेट’ची ही भाषा १८९६ च्या सुमारास शिकागोच्या वृत्तपत्रांत दिसू लागली आणि १९२० नंतर मोटारगाडीने ती सर्व थरांत नेली. घरी यजमानपण मुलीकडे असे. बाहेर पैसे मुलगा देऊ लागला, तसा पुढाकारही त्याच्याकडे गेला. खर्च ज्याचा, शब्द त्याचा, हे तिथेही चुकले नाही.

आपल्याकडे मुख्य अडचण वयाची होती. बाराव्या-तेराव्या वर्षी बोहल्यावर चढणाऱ्या मुलीने कोणाला भेटून काय ठरवायचे? १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचे वय किमान १४ केले, पण तो ब्रिटिश हिंदुस्थानपुरता होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तरीही प्रत्येक नवरा अनोळखी असे, असे नाही. मामाची मुलगी करण्याची चाल अनेक समाजांत असल्याने कित्येक जोडपी आजोळच्या अंगणात एकत्र खेळलेली असत. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, पुढे तालुक्याच्या गावीही कॉलेजे निघाली. त्यात १९७८ मध्ये मुलीचे विवाहाचे वय १८ झाले. शिकलेली, एसटीने रोज ये-जा करणारी मुलगी स्वतःचे मत सांगू लागली, त्याचे मूळ इथे आहे.

पाहण्याचा कार्यक्रमही त्यासोबत बदलत गेला. डोक्यावर पदर घेऊन पोह्यांच्या बश्या फिरवायच्या, नाव-शिक्षण सांगायचे, कोणी म्हणालेच तर चालून दाखवायचे, एवढाच मुलीचा भाग असे. नंतर ‘दोघांना जरा बोलू द्या’ म्हणून त्यांना गच्चीवर पाठवण्यात येऊ लागले. जिन्यात मात्र धाकटी भावंडे कान लावून उभी असत. आपली मुलगी मागते आहे, ती याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

ज्यांनी स्वतःच जोडीदार निवडला, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. पण त्यातील ३० दिवसांची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि लग्नाआधीच ती गावभर होते. आंतरजातीय जोडप्यांना तिचा जाच अधिक होतो. दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नात जातपंचायतीसारख्या जमावाने ढवळाढवळ करणे बेकायदा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

आपल्या घरी तो प्रसंग नाही. मुलगा-मुलगी दिवसाढवळ्या, दोन्ही घरांना सांगून भेटत असतील, तर हरकत घेऊ नये; मात्र या भेटी सुपारीआधीच व्हाव्यात. सुपारी फुटली, सोयऱ्यांत बोलबाला झाला, की नकार देणे मुलीला जड जाते आणि बोलही बहुधा तिलाच लागतो.