कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी यीस्ट (सुट्या गोलसर पेशी) रूपातून हायफा (लांब धागा) रूपात गेल्यावर पेशीभित्तिकेत नेमकं काय बदलतं?

मुख्य घटक तेच राहतात, प्रमाण आणि मांडणी बदलते. यीस्ट पेशीच्या भित्तिकेत कोरड्या वजनाच्या साधारण ५०-६० टक्के बीटा-ग्लुकन (ग्लुकोजच्या साखळ्या), ३५-४० टक्के मॅनोप्रोटीन (मॅनन या शर्करेच्या साखळ्या जोडलेली प्रथिनं) आणि जेमतेम १-२ टक्के कायटिन (टणक शर्करा-साखळ्या) असतं. हायफात कायटिन तिपटीहून जास्त भरतं.

पण खरी गंमत बाहेरच्या थरात आहे. मॅननच्या आवरणाखाली ग्लुकन झाकलेलं असतं. यीस्टची कळी सुटली की मागे व्रण राहतो, तिथे ग्लुकन उघडं पडतं आणि आपल्या भक्षक पेशींवरचा डेक्टिन-१ हा ग्राही (रिसेप्टर) ते ओळखतो. हायफा वाढताना पेशी सुट्या होत नाहीत, त्यामुळे असे व्रणही नाहीत. शिवाय एचडब्ल्यूपी१, एएलएस३ ही चिकटणारी प्रथिनं हायफावरच येतात.

प्रत्यक्ष बघायचं तर वसाहतीचा कणभर अंश ०.५ मिली सीरममध्ये घालून ३७ अंश सेल्सिअसला २-३ तास ठेवा. वसाहतीचा अंश जास्त पडला तर जर्म ट्यूब (हायफाची सुरुवात असलेल्या नळ्या) फुटतच नाहीत. बहुतेकांचं इथेच चुकतं. नळीच्या मुळाशी आवळल्यासारखं दिसलं तर तो स्यूडोहायफा (लांबट कळ्यांची साखळी), खरा हायफा नव्हे. तीन तासांपुढे कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस ही दुसरी जातही फसवू शकते. कॅल्कोफ्लोर व्हाइट हा कायटिनला चिकटून चमकणारा रंग लावलात तर यीस्टमध्ये कळीच्या मानेशी कायटिनचं कडं लख्ख चमकतं.