विहिरीच्या पाण्यात नायट्रेट आलंय, उकळून प्यायलं तर चालेल का?

प्रश्न : आमची विहीर उसाच्या रानातच आहे, प्यायलाही तेच पाणी. परवा टेस्ट केली तर नायट्रेट लिटरला 68 मिलिग्रॅम आलं. लोक म्हणतात उकळून प्या. घरात चार महिन्यांचं बाळ आहे. उसाला लागणीपासून एकरी 9 गोण्या युरिया पडलाय, पाणी पाटानेच देतो. विहिरीला लागून उकिरडा आहे. काय करावं? – एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : दादा, आधी बाळाचं बघा, बाकीचं नंतर. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं. तुरटी, क्लोरीन, साधा कॅंडल फिल्टर, कशानेच जात नाही, आरओने मात्र कमी होतं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅमची आहे, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला याचा त्रास सगळ्यात जास्त, कारण रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच कमी होते. अंगावरचं दूध चालू असेल तर तेच द्या. पावडरचं दूध या पाण्यात अजिबात कालवू नका. ओठ-नखं निळसर दिसली तर लगेच दवाखाना गाठा, थांबू नका.

आता हे आलं कुठून. उकिरडा तर आहेच, पावसात त्याचा काळा रस थेट विहिरीकडे झिरपतो. तो निदान 50 फूट लांब, विहिरीपासून उताराच्या खालच्या अंगाला हलवा आणि वर झाकण करा. गोठ्याचं मूत आणि संडासाचा शोषखड्डा कुठे आहे तेही बघून घ्या.

पण मला जास्त खटकतो तो युरिया. सुरू उसाला (हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या) शिफारस हेक्टरी 250 किलो नत्राची (नायट्रोजनची), म्हणजे एकरी 100 किलो. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे 45 किलोच्या साधारण 5 गोण्या, त्यातही 10:26:26 किंवा डीएपी ही नत्र असलेली मिश्र खतं टाकली असतील तर त्यातलं नत्र वजा करायचं. तुम्ही 9 टाकल्यात! मातीचे कण नायट्रेटला धरून ठेवत नाहीत, पाटाचं मोकळं पाणी सोडलं की ते मुळांच्या खाली निघून जातं आणि तुमच्याच विहिरीत येतं. वरून फेकलेला युरिया तर अमोनिया होऊन हवेतही उडतो. म्हणून तो मातीआड करा, हप्ते पाडून द्या, जमलं तर ठिबकमधून द्या, ठिबकला अनुदान आहे, सहायक कृषी अधिकाऱ्यांना (आधीचे कृषी सहायक) विचारा.

आणि एक हिशोब बघा. 68 नायट्रेट म्हणजे लिटरमागे 15 मिलिग्रॅम नत्र. एकरात तीन इंच पाणी दिलंत की साधारण साडेचार किलो नत्र आपोआप पडतं, म्हणजे जवळजवळ 10 किलो युरिया, दर पाळीला! हे पैसे तुम्ही आधीच मोजलेत, म्हणून पुढच्या हंगामात युरिया धरताना हे वजा करा. माती परीक्षणही करून घ्या.

विहीर एका वर्षात साफ होईल असं मात्र धरू नका, खालचं पाणी हळूहळू बदलतं. पावसाळ्याआधी आणि नंतर टेस्ट करत राहा, 45 च्या खाली येईपर्यंत पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा.