वकिली करता करता आमदार-खासदार होता येतं का? सुशीलकुमार शिंदेंसारखा प्रवास आज शक्य आहे का?

तुम्ही लॉच्या शेवटच्या वर्षाला आहात म्हणता. मी सोलापूरच्या कोर्टात वकिली करतो आणि हाच प्रश्न आमचे दाजी दर दिवाळीला टोमण्यातून विचारतात. "काळा कोट तुझ्याकडंबी हाय की! शिंदेसाहेब कुठं गेले आन् तू कुठं?"

कुठून कुठं गेले ते नीट बघा. साहेब सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाले होते. नोकरी करत शिकले, फौजदार झाले, कायद्याची पदवीही घेतली. 1971 ला पोलिसातली नोकरी सोडली आणि करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून आमदार झाले 1974 ला. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: मंत्री, 1992 ला राज्यसभा, 1998 ला सोलापुरातून लोकसभा, 2003 ला मुख्यमंत्री, नंतर केंद्रात गृहमंत्री. दाजींना हे शेवटचं दिसतं. मला 71 ते 74 दिसतं. पगार बंद आणि पद नाही. शरद पवारांसारखा माणूस पाठीशी होता म्हणून ते निभावलं.

नसला की काय होतं ते मी बघितलंय. आमच्या सिनियरांकडं दिवाणीचं एवढं काम होतं की सकाळी ऑफिसबाहेर चपलांना जागा नसायची. त्यांना विधानसभेची हौस आली. पक्षातून निरोप आला, "कामाला लागा." हे सगळ्याच इच्छुकांना सांगतात, पण ऐकणाऱ्याला वाटतं फक्त आपल्यालाच सांगितलं. झालं, पक्षकारांच्या बाकावर कार्यकर्ते बसायला लागले, भजी आणि चहाचं बिल माझ्या टेबलावर. कोर्टात मी रोज तेच, "साहेब बाहेरगावी आहेत, मुदत मिळावी." आधी मुदत मिळाली, मग खर्च बसला. एक दिवस मी दुसऱ्या कोर्टात उलटतपासात असताना वाटपाचा एक दावा पुकारला गेला आणि गैरहजेरीत निकाली निघाला. अक्कलकोटकडच्या एका मावशीचा, भावांविरुद्धचा. ती नवीन वकीलपत्र घेऊन आली, त्यावर साहेबांची ना-हरकत सही पाहिजे होती. साहेब मुंबईत, एबी फॉर्मसाठी, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदासाठी, एका बंगल्याबाहेर. मावशी भांडली नाही. "सायब निवडून येऊ द्यात ओ, पन माझी सही तेवढी करून द्या," म्हणाली.

तिकीट शेवटच्या रात्री एका कारखानदाराला गेलं. पक्षकार परत आले नाहीत, "आता ते पुढारी झाले" म्हणून.

तर तुमचं उत्तर. आमदारकीला पदवी लागतच नाही. मतदार यादीत नाव आणि विधानसभा-लोकसभेला 25 वर्षं पूर्ण, राज्यसभेला 30. निवडून आल्यावर वकिली चालू ठेवता येते, 2018 ला सुप्रीम कोर्टानं तसं स्पष्ट केलंय. तारखांना कोण उभं राहणार ते तुम्ही बघा. आणि वकील म्हणूनच नाव घ्यायचं तर सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं घ्या. 1962 ला पहिल्यांदा आमदार, एकाच मतदारसंघातून अकरा वेळा, तेही शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप). पण गणपतराव आबा दिल्लीला गेले नाहीत, त्यामुळं दाजींच्या हिशोबात ते बसत नाहीत.

हां, 2014 ला सोलापुरात शिंदेसाहेबांना हरवणारे शरद बनसोडेही वकीलच, हे दाजी लगेच ऐकवतील. त्या साली मोदी लाट होती, कोटाचा काय संबंध! आणि सोलापूर लोकसभा 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, ते बघूनच स्वप्नं रंगवा.

आधी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काढा. घर स्वतःच्या फीवर चालायला लागेपर्यंत कुणी "कामाला लागा" म्हटलं तर कोर्टातल्याच कामाला लागा. दाजी हे वाचणारच आहेत, म्हणून इथंच सांगतो: भाच्याला माझ्या ऑफिसात पाठवायचं तर फाईल वाचायला पाठवा. त्याच्या वाढदिवसाचे बॅनर आत्तापासून चौकात लावू नका.