लेझर हेल्मेट घेऊ की डर्मारोलर?

तुम्ही लिहिलंय की वय २९ आहे, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले केस मागे सरकताहेत, आणि ऑनलाइन दिसणारं, डोक्यावर लेझरचा सौम्य प्रकाश टाकणारं महागडं हेल्मेट घ्यावं की स्वस्तातला डर्मारोलर, म्हणजे त्वचेवर फिरवायचा बारीक सुयांचा रोलर, हे ठरत नाहीये. मी डॉक्टर नाही, पण त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात काम करते आणि हा प्रश्न तिथे नेहमीच कानावर पडतो.

आमच्याकडे आधी डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग, बाहेर निघतो. त्याने केस उगवत नाहीत, नुसते दिसतात. डोक्याला टेकवला की एकेक केस मुळापासून मोठा होऊन पडद्यावर येतो. शेजारशेजारचे केस काही जाड, काही अगदी बारीक असले तर बहुधा आनुवंशिक टक्कल. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात ती गळती वेगळी, ती बहुतेकदा आपोआप थांबते. अशा माणसाने नेमकं तेव्हाच हेल्मेट घेतलं तर पुढे सगळं श्रेय हेल्मेटला जातं. ऑनलाइन रिव्ह्यू वाचताना मला हीच शंका येते.

लेझर मात्र थोतांड नाही. १९६७च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एन्ड्रे मेस्टर यांना लेझर दिलेल्या उंदरांच्या भादरलेल्या जागी केस लवकर आलेले दिसले, तिथून हे सुरू झालं. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, पुरुषांच्या टकलासाठी एका लेझर कंगव्याला विक्रीची वाट मोकळी करून दिली. पण जाहिरातीत 'एफडीए मान्य' वाचून हुरळू नका. अशा उपकरणांची कसोटी नव्या औषधाइतकी कडक नसते. फायदा होतो तो बेताचा, वापर थांबवला की ओसरतो, आणि गुळगुळीत झालेल्या जागी तर काहीच येत नाही.

रोलरबद्दलचा एक गाजलेला अभ्यास आपल्या मुंबईतला, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांचा, २०१३चा. शंभर पुरुष, १२ आठवडे. निम्म्यांना नुसतं मिनॉक्सिडिल (टकलासाठी डोक्याला लावायचं औषध), निम्म्यांना त्याबरोबर आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटर सुयांचा रोलर. मोजलेल्या जागेत केस सरासरी २२ने वाढले ते नुसत्या औषधावर, आणि रोलर जोडल्यावर ९१ने. आकडा दणदणीत आहे, पण नीट बघा: औषध दोन्हीकडे होतं. नुसता रोलर फिरवून काय होतं, हे यातून कळत नाही.

शिवाय दीड मिलिमीटर म्हणजे रक्ताचे ठिपके येणारच. हे घरी आरशात बघून करू नये असं माझं मत. डोक्यात फोड किंवा खाजरा कोंडा असेल तर मुळीच नको. रोलर भावाभावांत वाटून घेऊ नका, आणि टोचल्याच्या दिवशी मिनॉक्सिडिल लावू नका, दुसऱ्या दिवशी लावा. (थरथरणारे मसाजर छान वाटतात, टकलासाठी त्यांच्यावर पैसे घालू नका.)

म्हणजे तुमच्या जागी मी आधी तपासणीवर खर्च करीन, मग डॉक्टर म्हणाले तर मिनॉक्सिडिल आणि दवाखान्यातच रोलर. हेल्मेट आधीच मागवून बसला असाल तर परत करायची मुदत बघून ठेवा. ती थोड्या दिवसांची असते, आणि केसांत फरक आहे की नाही हे कळायला चार-सहा महिने जातात.