वाचकांचे प्रश्न : भयकथा आणि चळवळ

प्रश्न : यंदा वर्षभर मी मराठी भयकथेवरील प्रबंधासाठी कोकणात हिंडले आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरांतही बोलले. यात विसंगती आहे का?

उत्तर : मला ती मुळीच दिसत नाही. गूढकथा लिहिणारे रत्नाकर मतकरी नर्मदा बचाव आंदोलनाच्या बाजूनेही उभे राहिले होते. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भयकथेला हात लावत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडाने बांधणे आणि मारहाण करणे, हा मात्र त्याने गुन्हा ठरवला आहे. कथेचा वाचक स्वखुशीने घाबरतो आणि हवे तेव्हा पुस्तक मिटू शकतो. बांधून घातलेल्या बाईला ती मुभा नसते. हा भेद प्रबंधात स्वतंत्र प्रकरण करून सविस्तर मांडावा, आणि देवचाराच्या, म्हणजे कोकणातल्या लोकसमजुतीतील भूतयोनीच्या, कथा सांगणाऱ्या गावकऱ्यांना त्यात भोळे ठरवू नये.