दशमांश ‘थकतो’ का?

सांगलीच्या विश्रामबागेतून एका भगिनींनी विचारले आहे : “आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) वार्षिक अहवालात यंदा ‘थकीत दशमांश’ असा रकाना आला असून कुटुंबांच्या नावांपुढे रकमा छापल्या आहेत. हा शब्दप्रयोग बरोबर आहे का? ‘दशांश’ म्हटले तर चालेल का? आणि प्रवचनात वारंवार येणारे ‘पैशाचे बी पेरा’ हे मराठी आहे का?”

‘दशांश’ आणि ‘दशमांश’ या दोहोंचा मूळ अर्थ दहावा भाग असाच आहे; मंडळीत तो उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या अर्पणासाठी वापरतात. मात्र शाळेतल्या गणिताने ‘दशांश’ अपूर्णांकांसाठी घेतला आणि मराठी बायबलमध्ये अब्रामाने मलकीसदेक या याजक-राजाला दिला तो ‘दशमांश’, म्हणून मंडळीच्या व्यवहारात ‘दशमांश’च ठेवावा.

पहिला प्रश्न अधिक गंभीर आहे. कर्जाचा हप्ता थकतो, घरपट्टी थकते, विजेचे बिल थकते. म्हणजे जे थकते ते देणे लागत असते आणि ते वसूल करण्याचा कोणाला तरी हक्क असतो. ‘थकीत’ हे विशेषण लागताच अर्पणाचे कर्ज होते. ‘या महिन्याचा दशमांश भरला का?’ या वाक्यातल्या ‘भरणे’ या क्रियापदानेही तेच घडते, कारण आपण फी भरतो, दंड भरतो, पाणीपट्टी भरतो. देणगी मात्र देतो आणि अर्पण करतो. दहावा हिस्सा हक्काने वसूल करण्याला आपल्याकडे वेगळे नाव होतेच. सातारच्या शाहू छत्रपतींना 1719 मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईबरोबर ज्या सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या, तीही शेकडा दहाच होती. पण ती राज्याची वसुली होती, आणि प्रमाण सारखे असले म्हणून दशमांश हा सरदेशमुखी ठरत नाही.

जुन्या करारातला दशमांश ऐच्छिक कुठे होता, असे कोणी म्हणेल, आणि तो आक्षेप रास्त आहे. तो नियमशास्त्राचा भाग होता. पण तो धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुरेढोरे यांतून निघे. ज्यांना जमिनीत वाटा नव्हता त्या लेव्यांचा, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाचा, निर्वाह त्यावर चाले, आणि दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश उपरा, अनाथ व विधवा यांनीही पोटभर खावा असे बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकात सांगितले आहे. आपल्या गावगाड्यात याला जवळचा शब्द शोधायचा तर खळ्यावरचे बलुते आठवते. त्या व्यवस्थेत विधवा घेणारी होती. आपल्या अहवालातील थकबाकीदारांत एखाद्या विधवेचे नाव असेल, तर शब्द तोच राहून त्याचा अर्थ पुरता उलटला आहे, असे मला खेदाने म्हणावे लागते. प्रेषित पौलाने तर करिंथच्या मंडळीला पत्रात मदतीविषयी लिहिताना दहाव्या भागाचा उल्लेखही केलेला नाही. प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, भाग पडते म्हणून देऊ नये, असे तो सांगतो.

‘पेरणे’ हे रूपकही त्याच पत्रात आहे आणि मराठीत ते सहज रुळते. त्याला ठरावीक रकमेची आणि ठरावीक परताव्याची जोड मात्र विसाव्या शतकात अमेरिकेत मिळाली. तिथले धर्मोपदेशक ओरल रॉबर्ट्स यांनी तिचा मोठा प्रसार केला आणि पुढे दूरचित्रवाणीवरून ती जगभर गेली. जत-आटपाडीकडच्या शेतकऱ्याला हा शब्द ऐकताना काय वाटत असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. पाऊस दगा देतो तेव्हा दुबार पेरणी करावी लागते, पण उगवले नाही म्हणून गावात कोणी पेरणाऱ्याच्या श्रद्धेत खोट काढत नाही. देवाला पैसे दिले की भरभराट होते असे सांगणाऱ्या समृद्धीच्या उपदेशात पीक आले नाही तर दोष नेहमी पेरणाऱ्याचा धरला जातो आणि उपाय म्हणून पुन्हा पेरायला सांगितले जाते. शब्द शेतीचे असले तरी व्यवहार गुंतवणुकीचा आहे, आणि गुंतवणुकीत जी हिशेबाची जबाबदारी घेणाऱ्यावर असते ती येथे कोणीच घेत नाही. अमेरिकेतील समृद्धीचे एक प्रमुख उपदेशक क्रेफ्लो डॉलर यांनी 2022 मध्ये जाहीरपणे सांगितले की, दशमांशाविषयी आपण दिलेली पूर्वीची शिकवण बरोबर नव्हती.

या उपदेशाला काही जण ‘समृद्धीची सुवार्ता’ म्हणतात. मी ‘समृद्धीचा उपदेश’ लिहितो, कारण ‘सुवार्ता’ हा शब्द मराठी ख्रिस्ती माणसाच्या मनात ज्या वार्तेशी बांधलेला आहे ती गरिबांना सांगायची होती.

मंडळीला पैसा लागतो, हे मी जाणतो. दिवाबत्ती, इमारतीची डागडुजी, पाळकांचे वेतन आणि आजाऱ्यांना मदत हे सारे अर्पणातूनच चालते, आणि मिरजेत 1894 साली उघडलेले मिशनचे रुग्णालयही दूरच्या लोकांच्या देणग्यांवर उभे राहिले. म्हणून अहवालात ‘मिळालेला दशमांश’ असा एक रकाना नावांशिवाय ठेवावा आणि त्याच्या शेजारी ‘झालेला खर्च’ तपशिलाने छापावा. ‘थकीत’ हा शब्द विजेच्या बिलासाठी राहू द्यावा.