कायदा आणि आपण : ‘आधी अर्ज द्या, मग बघू’

प्रश्न : जळगाव जिल्ह्यात तापीकाठी माझी केळीची बाग आहे. विहिरीवरच्या मोटरीची तांब्याची केबल आणि स्टार्टर चोरीला गेले. ठाण्यात गेलो, तर ‘आधी अर्ज द्या, मग बघू’ असे सांगून गुन्हा नोंदवला नाही. मी वारंवार विचारायला जाऊ लागल्यावर चौकशीसाठी म्हणून माझ्याच धाकट्या भावाला संध्याकाळी बोलावून नेले, रात्रभर बसवून ठेवले आणि १५ हजार दिले नाहीत तर ‘चॅप्टर’ (शांतता राखण्याच्या बंधपत्राची कारवाई) लावू असे बजावले. ८ हजार देऊन मी त्याला घरी आणले. आता उरलेल्या पैशांसाठी फोन येतात. तक्रार केली तर लाच दिली म्हणून मीच अडकेन, असे गावातले जाणते लोक सांगतात. हे खरे आहे का? (नाव छापू नये.)

उत्तर : आपल्या शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण त्याला मुदत आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही गुन्हा ठरतो, इथपर्यंत गावातले लोक बरोबर आहेत. मात्र त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये पुढे काय लिहिले आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही. ज्याला लाच देणे भाग पाडले गेले त्याला ते कलम लागू होत नाही. फक्त पैसे दिल्यापासून ७ दिवसांच्या आत त्याने ही गोष्ट तपास यंत्रणेला कळवली पाहिजे. आपल्या पत्रावर तारीख होती, म्हणून एवढा भाग आपल्याला फोनवर आधीच कळवला. इतर वाचकांसाठी तो येथे देत आहोत.

तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे करावी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी त्यांची कार्यालये आहेत आणि १०६४ हा निःशुल्क क्रमांक आहे. उरलेल्या रकमेची मागणी अजून सुरू आहे, ही गोष्ट त्रासाची असली तरी पुराव्याच्या दृष्टीने आपल्या बाजूची आहे. विभाग आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी करतो आणि ती खरी ठरल्यावरच सापळा लावतो. मागणी आणि स्वीकार या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्याशिवाय लाचेचा खटला टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ रोजी पुन्हा स्पष्ट केले आहे. त्यामुळे फोनवर भांडू नये, धमकी देऊ नये आणि आलेल्या फोनची नोंद मोबाइलमधून पुसू नये. गावातल्या ‘मिटवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला यातले काही सांगण्याची गरज नाही. असे मध्यस्थ ठाण्याला आपल्यापेक्षा जवळचे असतात.

आता चोरीकडे वळू. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर तो नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयात ललिताकुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजीच ठरले आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे नोंदवलेल्या माहितीची प्रत फिर्यादीला विनाशुल्क मिळाली पाहिजे. परंतु नव्या कायद्यात शेतकऱ्याने सावध राहावे अशी एक जागा आहे. चोरीच्या मालाची किंमत ५ हजारांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपासच करता येत नाही. केबलची किंमत कागदावर साडेचार हजार लिहिली की तपास तिथेच थांबतो. वस्तू ‘गहाळ’ झाली असे लिहिले तर चोरीही उरत नाही. म्हणून केबल आणि स्टार्टरची बिले जोडावीत, बिल नसेल तर दुकानदाराकडून दरपत्रक घ्यावे आणि जो मजकूर आपण सांगितलेला नाही त्याखाली सही करू नये. तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, हे खरे आहे. पण तिला १४ दिवसांची मर्यादा आहे आणि ‘बघू’ म्हणणाऱ्याने ती परवानगी घेतली आहे का, हे आपण लेखी विचारू शकता. ठाणे ऐकत नसेल तर हीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवावी, पोचपावती जपावी आणि तरीही काही झाले नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

भावाच्या बाबतीत जे घडले ते माझ्या मते या पत्रातले सर्वांत गंभीर आहे, आणि आपण ते एका वाक्यात उरकले आहे. चौकशीसाठी बोलावणे आणि अटक करणे यांच्या मधली ‘बसवून ठेवणे’ नावाची कोणतीही अवस्था कायद्यात नाही. बोलवायचे असेल तर लेखी नोटीस हवी. अटक करायची असेल तर कारण सांगणे, नातेवाइकांना कळवणे, साक्षीदाराच्या सहीचा अटक पंचनामा करणे आणि २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे आवश्यक आहे. यांपैकी एकही कागद नसताना माणूस रात्रभर ठाण्यात असेल, तर तो बेकायदा अटकाव ठरतो. त्याचा पुरावा ठाण्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीरसिंग सैनी खटल्यातील २ डिसेंबर २०२० च्या निकालानुसार प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे असले पाहिजेत आणि चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी जपले पाहिजे. त्या रात्रीचे चित्रण आणि स्टेशन डायरीतील नोंदी राखून ठेवाव्यात, असा अर्ज तारीख-वेळेसह अधीक्षकांना आजच द्यावा. कॅमेरा नेमका त्याच रात्री बंद होता असे उत्तर आले, तर तेही लेखी घ्यावे.

‘चॅप्टर’ची भीती मात्र सोडून द्यावी. शांतता राखण्यासाठी बंधपत्र घ्यावे की नाही, हे हवालदार ठरवत नाही. पोलीस फक्त प्रस्ताव पाठवतात. कार्यकारी दंडाधिकारी लेखी आदेशाने कारण विचारतात आणि आपल्याला वकिलासह म्हणणे मांडता येते.

प्रश्न : शेजारच्या मारामारीत मी साक्षीदार आहे. जबाबासाठी रात्री आठ वाजता ठाण्यात या, असा निरोप आला आहे. जावे लागेल का? (एक वाचक भगिनी, नंदुरबार)

उत्तर : नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार साक्षीदार स्त्रीला तिच्या राहत्या जागेखेरीज इतरत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांनाही हेच संरक्षण आहे. ‘जबाब घरी घ्यावा’ असे लेखी कळवून त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

प्रश्न : वडील पोलीस दलातून निवृत्त झाले. पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी त्याच खात्यातला वरिष्ठ करणार असेल, तर तिचा उपयोग काय? (धुळे)

उत्तर : हीच अडचण ओळखून सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशसिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी स्वतंत्र तक्रार प्राधिकरणे जिल्हा स्तरापर्यंत नेमण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्राने २०१४ च्या पोलीस कायद्यातील दुरुस्तीत जिल्हा गाळला आणि विभाग ठेवला. त्यामुळे धडगावच्या किंवा अक्कलकुव्याच्या माणसाचा विभाग नाशिक ठरतो. सातपुड्यातल्या पाड्यावरून तक्रारीसाठी कोणी नाशिकला जाईल, हे गृहीत धरणाऱ्याने तो रस्ता पाहिलेला नसावा. तरीही बेकायदा अटकाव, भ्रष्टाचार आणि खंडणी हे विषय या प्राधिकरणाच्या कक्षेत स्पष्टपणे येतात आणि पोस्टाने पाठवलेला अर्ज खात्याच्या साखळीबाहेरच्या टेबलावर पोचतो, एवढा फरक नक्की आहे. मानवी हक्क आयोगाकडे जायचे असल्यास घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे. रिट याचिकेसाठी खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांना मुंबई गाठावी लागत नाही. ती मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात दाखल होते.